श्वास कोंडायचा नाही

आमच्याकडे पोहायला मुद्दाम कोणी शिकवत नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावच्या बाजूला, तलावाच्या पाळीला लागून ज्या मासेमारी करणाऱ्या ढिवरांची घरं आहेत, तिथलं पोर चालायला लागलं की पाण्यात जातंच. बाबांनी मला पाण्याबद्दल एकच गोष्ट बजावून सांगितली होती. बुडी मारण्याआधी छाती भरून घे आणि वर येईस्तोवर सोडू नको. आमच्या सगळ्या पोहण्याचा पाया हाच. स्कूबा डायव्हिंगचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्याचा, पहिला नियम नेमका याच्या उलट आहे: पाण्याखाली श्वास कधीच कोंडायचा नाही. मालदीवला जाऊन शार्क पाहणं हा या सगळ्या प्रवासातला शेवटचा आणि त्या मानाने सोपा भाग होता. खरी मेहनत लागली ती अंगात मुरलेली ही सवय मोडायला.

दुसरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला तिथं काय वाटलं ते समजणार नाही. भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधले. त्यांच्यावर धान पिकतं आणि मासाही. पण त्यांचं पाणी गढूळ. पावसाळ्यात कोपरापर्यंत हात घातला तर बोटं दिसत नाहीत. त्यामुळे आम्ही मासा ओळखतो तो हाताने. मरळ हाती लागली की सगळं अंग पिळून निसटू पाहते. शिंगीचा काटा बोटात गेला तर रात्रभर ठणका राहतो. आमच्यासाठी मासा म्हणजे हाताला लागलेला, नाहीतर जाळ्यात आलेला. पाण्यात असताना तो दिवसभर काय करतो, कुठे झोपतो, कोणाला भितो, हे डोळ्यांनी पाहायची सोय कधी नव्हती. मला तेच पाहायचं होतं.

नागपूरला कॉलेजात असताना सोबत असलेली एक मैत्रीण अंदमानला डायव्हिंग शिकून आली आणि म्हणाली, तू तर पाण्यातलीच आहेस, तू का नाही जात? पतसंस्थेतल्या पगारातून पैसे बाजूला पडायला वेळ लागला, पण पडले. आईला पटेना. "काहून जातेस वो बाई तिकडं? मोठाले मासे मानसं खातेत म्हनते." बाबांचे प्रश्न मात्र वेगळे होते. टाकी किती वजनाची, हवा किती वेळ पुरते, संपली तर काय?

उत्तरं मलाही शिकताना मिळाली. पेपरात नेहमी 'ऑक्सिजन सिलिंडर' लिहितात, ते बरोबर नाही. टाकीत आपण घेतो तीच साधी हवा असते, कोरडी करून, गाळून, साधारण २०० बार दाबाने भरलेली. शुद्ध ऑक्सिजन जेमतेम सहा मीटरच्या खाली विषासारखा काम करतो. नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी अकरा लिटरच्या आसपासची, म्हणजे तिच्यात बावीसशे लिटर हवा मावते. पण ती किती पुरेल हे खोलीवर आणि माणसावर. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. दहा मीटरवर दुप्पट, वीसवर तिप्पट. प्रत्येक श्वासाला तेवढ्या पटीने जास्त हवा लागते, आणि घाबरलेला माणूस तर ती भराभर संपवतो.

कोर्स मी अंदमानातल्या स्वराज द्वीपावर केला, ज्याला लोक अजून हॅवलॉकच म्हणतात. आधी प्रकृतीचा फॉर्म असतो. दमा, हृदय, फिट्स, कानाचं ऑपरेशन, यातल्या एकालाही 'हो' असेल तर डॉक्टरची सही लागते. मला लहानपणी कान वाहायचा त्रास होता, म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घेतला. हा फॉर्म खोटा भरू नका. पाण्याखाली दमा उठला तर तिथून सरळ वर धावता येत नाही.

मग पोहण्याची परीक्षा. २०० मीटर न थांबता पोहायचं आणि दहा मिनिटं कशालाही न धरता तरंगायचं. तलावातल्या माणसाला यात काहीच नाही. खारं पाणी उलट इतकं वर ढकलतं की खाली जायला कमरेला शिशाची वजनं बांधावी लागतात.

छातीएवढ्या पाण्यात गुडघ्यावर बसून एकेक कसब शिकवतात. मास्कमध्ये पाणी घ्यायचं आणि मान थोडी वर करून नाकाने जोरात फुंकून ते बाहेर काढायचं. शहरातून आलेले कित्येक जण इथे अडतात, कारण नाकाशी पाणी आलं की जीव घाबरतो. मला ते सोपं गेलं. माझं अडलं पुढे. तोंडातून रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात देणारा भाग, काढायचा, तो हात फिरवून शोधायचा आणि परत लावायचा, आणि या सगळ्या वेळात तोंडातून बारीक बुडबुडे सोडत राहायचे. रेग्युलेटर निघाला की माझी छाती आपोआप कुलूप लावायची. मन म्हणायचं सोड, अंग म्हणायचं धर.

बुडबुडे कशासाठी, हे इन्स्ट्रक्टरने एक फुगा घेऊन समजावलं. दहा मीटरवर भरलेली छाती तशीच कोंडून वर आलात, तर तीच हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. फुप्फुस तेवढं ताणत नाही, फाटतं. शाळेत पाठ केलेला बॉईलचा नियम मला तिथे कळला. तलावात बुडी मारताना हे होत नाही, कारण वरून घेतलेली हवा खाली जाताना आवळते आणि वर येताना फक्त पहिल्याएवढी होते. म्हणजे बाबांची शिकवण तलावासाठी खरीच होती. टाकीची हवा मात्र खालीच छातीत भरली जाते, आणि त्याने सगळा हिशोब बदलतो. हे कारण कळल्यावर माझी छाती सुटली. मी मनातल्या मनात ओव्या म्हणत श्वास सोडायला लागले. आजी जात्यावर म्हणायची त्या चालीत, लांब आणि सावकाश.

कानाचंही असंच. खाली जाताना दर मीटरभराला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, म्हणजे कानातला दाब सारखा होतो. दुखायला लागलं तर थोडं वर यायचं, जोर करायचा नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्हच नाही.

एकदा श्वास मोकळा झाला की पाण्याखालचं खरं सुख सुरू होतं. दीर्घ श्वास घेतला की क्षणाभराने शरीर आपोआप वर उचलतं, सोडला की खाली उतरतं. हात-पाय न हलवता, फक्त छातीने वर-खाली होता येतं. रंगही बदलतात. लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच नाहीसा होतो, आणि बोटाला खरचटलं तर खोलवर रक्त हिरवट-काळं दिसतं. आवाज हवेपेक्षा चौपट वेगाने येतो, म्हणून बोटीचा आवाज कुठल्या बाजूचा ते कळत नाही. आणि मास्कमुळे प्रत्येक गोष्ट एक तृतीयांश मोठी दिसते. 'एवढा मोठा मासा पाहिला' म्हणून सांगणाऱ्याचं ऐकताना हे लक्षात ठेवावं.

'ओपन वॉटर' या पहिल्या कोर्सचा परवाना १८ मीटरपर्यंतचा असतो. शार्क जिथे हमखास दिसतात त्या खिंडींसाठी ३० मीटरचा पुढचा कोर्स आणि बराच सराव लागतो. तो करून, एका वर्षी धान मळून घरात आल्यावर, मी मालदीवला गेले. भारतीयांना व्हिसा तिथे उतरल्यावर फुकट मिळतो. मोठ्या रिसॉर्टचे भाव आपल्याला झेपणारे नाहीत. पण २००९ नंतर तिथे साध्या गावांच्या बेटांवरही पाहुणे ठेवायची परवानगी मिळाली, आणि त्यामुळेच माझ्यासारखीला जाता आलं. मी व्हावू अटॉलमधल्या अशाच एका छोट्या बेटावर राहिले. सकाळी मासहुनी, म्हणजे टूना, ओलं खोबरं, कांदा आणि लिंबू, सोबत रोशी, म्हणजे तिथली चपाती. ते खाल्लं की दुपारपर्यंत भूक नाही.

अटॉल म्हणजे समुद्रात बुडालेल्या डोंगराभोवती उरलेलं प्रवाळाचं कडं. मालदीवची बाराशेच्या जवळपास बेटं अशा कड्यांवर बसलेली आहेत. कड्याला जागोजागी खिंडी आहेत, त्यांना तिथे कंदू म्हणतात. भरती-ओहोटी आणि मोसमी वाऱ्यांमुळे या खिंडींतून पाण्याचे जोरदार ओढे वाहतात. डिसेंबर ते एप्रिल ईशान्य मोसमी वाऱ्यांत पूर्वेच्या खिंडींतून समुद्राचं स्वच्छ पाणी आत येतं. शार्क त्याच प्रवाहाच्या तोंडाशी उभे राहतात. व्हावूच्या पूर्व कडेच्या खिंडी यासाठीच प्रसिद्ध आहेत.

बोटीवर, म्हणजे धोनीवर, निघण्याआधी सगळं नीट सांगितलं गेलं. करड्या शार्कने पाठ कमानीसारखी वाकवली, बाजूचे पर खाली सोडले आणि अंग जास्तच हेलकावत पोहायला लागला, तर तो 'दूर हो' म्हणतोय. नजर न काढता सावकाश मागे सरकायचं. पाठलाग करायचा नाही, हात अंगाजवळ ठेवायचे. ३० मीटरच्या खाली जायला तिथल्या कायद्याने बंदी आहे. अंगठा वर केला की 'छान' नव्हे, 'वर चला'. छान असेल तर अंगठा आणि तर्जनीचं कडं.

उडी मारली ती अंगावरच्या फुगवायच्या जॅकेटमधली सगळी हवा काढूनच. वर रेंगाळलं तर प्रवाह खिंडीच्या पलीकडे नेतो. पायाखाली फक्त निळं होतं. तळ नाही, भिंत नाही. आयुष्यात एवढं स्वच्छ पाणी मी पाहिलं नव्हतं, आणि मला एवढी भीतीही पाण्यात कधी वाटली नव्हती. भीती शार्कची नव्हती, त्या मोकळ्या निळ्याची होती. गढूळ पाण्यात आपलं जग हाताएवढंच असतं. इथे सगळीकडून उघडं पडल्यासारखं झालं. श्वास वर चढायला लागला. मी ओवी धरली आणि बडीच्या, म्हणजे सोबतच्या जोडीदाराच्या, पायातल्या फिन्सकडे बघत खाली गेले. भिंत दिसली, कडा आली, दोरीचा हुक एका मेलेल्या खडकात अडकवला आणि प्रवाहात पतंग होऊन लोंबकळत राहिले.

मग ते दिसले. आधी एक, मग त्याच्या मागे पाच-सहा, मग किती ते मोजायचं मी सोडून दिलं. करडी पाठ, पांढरं पोट, शेपटीच्या कडेला काळी किनार. माणसापेक्षा थोडे कमी लांब. ज्या प्रवाहात मला हुक लावून धरून राहावं लागत होतं, त्यात ते जवळजवळ स्थिर उभे होते. शेपटीची एक सावकाश हालचाल, आणि बाकी अंग पाण्यावर सोडलेलं. एक अगदी जवळून गेला. गालामागच्या पाच चिरा उघडताना-मिटताना दिसल्या. डोळा गोल, पिवळसर, त्यात उभी फट. त्या डोळ्याने मला पाहिलं आणि मी त्याच्या कामाची नाही हे ठरवून तो पुढे गेला. माझी भीती त्या क्षणी गेली. मला रडू आलं. मास्कमध्ये रडता येतं, कोणाला दिसत नाही.

खाली वाळूवर पांढऱ्या टोकाच्या पराचे शार्क पडून होते. बहुतेक शार्कांना कल्ल्यांतून पाणी जाण्यासाठी पोहत राहावं लागतं असं आपण ऐकतो. पण हे तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांवर सोडतात, म्हणून एका जागी झोपू शकतात. बाजूच्या खडकाशी बोटाएवढे निळे-काळे पट्ट्यांचे मासे दुकान मांडून बसले होते. मोठे मासे येऊन तोंड उघडून थांबत आणि हे पोरगे सरळ त्यांच्या जबड्यात शिरून दातांतली घाण, अंगावरच्या उवा वेचून खात. मोठा मासा तोंड मिटत नाही. हेच तर पाहायला मी आले होते. जाळ्यात न आलेला मासा आपल्या घरी कसा वागतो, ते.

वर येताना घाई नसते. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, अंगात दाबाने विरघळलेला नायट्रोजन निघू द्यायचा. याच कारणाने लागोपाठ डाइव्ह केल्यावर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. त्या थांब्यात उथळ प्रवाळ नीट दिसतं, आणि तिथेच वाईटही दिसतं. पोपटमासे खडक कुरतडतात त्याचा कचकच आवाज स्पष्ट येतो. त्यांनी खाल्लेलं प्रवाळ वाळू होऊन बाहेर पडतं, आणि त्या बेटांच्या पांढऱ्या किनाऱ्यांतली बरीच वाळू अशी आलेली आहे. पण मोठ्या जागेत नुसता प्रवाळाचा चुरा होता, शेवाळ चढलेला. प्रवाळ हा प्राणी आहे, आणि त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ त्याला अन्न आणि रंग देतं. पाणी जास्त काळ तापलं की तो हे शेवाळ बाहेर टाकतो, पांढरा पडतो, आणि तसाच राहिला तर मरतो. मालदीवमध्ये १९९८ आणि २०१६ मध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. २०२४ मध्ये जगभर पुन्हा झालं. त्या चुऱ्यात तळहाताएवढी नवी फांदी फुटलेली मला दिसली. पण एका उन्हाळ्याची फुरसत तिला मिळेल का, हा प्रश्नच आहे.

एका गोष्टीवर माझं मत स्पष्ट आहे. त्याच भागात एका जेटीजवळ रात्री नर्स शार्क पाहायला नेतात. माशांचे तुकडे टाकून टाकून त्यांना सवय लावलेली, पाण्यात बॅटऱ्यांची गर्दी, माणसांच्या पायांमधून शार्क घुसतात. ते सहसा चावत नाहीत, तळावरचं अन्न ओढून गिळणारे शांत प्राणी आहेत. तरी मला ते आवडलं नाही. वाघिणीच्या वाटेवर दहा जिप्सी आडव्या लागलेल्या मी आमच्याकडे पाहिल्या आहेत, तशीच चिडचिड झाली. मी पुन्हा गेले नाही.

शेवटच्या दिवसांत धोनीवरच्या एका म्हाताऱ्या चाचांशी गप्पा झाल्या. त्यांची हिंदी चांगली होती. तरुणपणी त्यांनी शार्क पकडले होते, तेलासाठी आणि परांसाठी. २०१० मध्ये मालदीवने आपल्या सगळ्या समुद्रात शार्क पकडायला बंदी घातली. शार्कची मादी उशिरा वयात येते, करड्या शार्कची वर्षभर पोट वागवून मोजकी पिल्लं देते, त्यामुळे एकदा उपसले की भरून यायला फार काळ जातो. चाचा म्हणाले, सुरुवातीला राग आला, अजूनही काही मच्छीमारांना येतो, कारण गळाला लागलेला मासा शार्क अर्धा खाऊन टाकतो. टूना मात्र ते लोक पिढ्यान्‌पिढ्या जाळ्याने धरत नाहीत. पहाटे छोटे मासे पकडून बोटीच्या पोटात वाहत्या पाण्यात जिवंत ठेवायचे, टूनाचा थवा दिसला की ते फेकायचे, आणि उलटा काटा नसलेल्या गळाने काठीवर एकेक मासा उचलून डेकवर घ्यायचा.

घरी आल्यावर बाबांना आणि मासेमारी संस्थेच्या लोकांना शार्कपेक्षा यातच जास्त रस वाटला. बोटीत मासा जिवंत कसा ठेवतात, पाणी कसं फिरवतात, हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. बंदीवरून मात्र वाद झाला. "बंद केलं तर खावाचं का?" हा प्रश्न खरा आहे. आमच्याकडच्या काही संस्थांनी बेशरम हे तण उपटून तलावात देशी पाणवनस्पती लावल्या, विणीच्या जागा राखल्या, तेव्हा गेलेले देशी मासे परत आले, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. त्या वर्षांत त्याची झळ सोसली ती ढिवरांनीच. राखण करणाऱ्याला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे, हे चाचांनाही मान्य होतं आणि बाबांनाही.

वाघाचा विषय निघणारच होता. आम्ही नवेगाव-नागझिऱ्याच्या शेजारचे. कोणीतरी म्हणालं, शार्क काही करत नाही म्हणतेस, मग वाघाला आम्ही काय म्हणायचं? मी दोन्ही एका मापाने मोजत नाही. जगभरात शार्कने विनाकारण चावल्याच्या नोंदी वर्षाला साठ-सत्तर असतात, मृत्यू त्यातले अगदी थोडे, आणि पाण्यात मी माझ्या हौसेने, सगळी तयारी करून जाते. मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात जाणारी बाई पोटासाठी जाते, एकटी जाते. तिला 'भिऊ नको' सांगायचा मला अधिकार नाही.

त्या बैठकीनंतर संस्थेतल्या एका काकांचा मुलगा घरी आला. बारावी झालेला, डोंग्यावर बापाबरोबर जातो, पाण्यात माझ्यापेक्षा तयार. त्याला विचारायचं होतं, हे काम म्हणून करता येतं का. येतं. दहाव्या वर्षापासून शिकता येतं, १८ पूर्ण झाले की डाइव्हमास्टरची परीक्षा देता येते, आणि अंदमानात अशी पोरं लागतात. इंग्रजी सुधारावं लागेल, प्रथमोपचाराचा कोर्स करावा लागेल, आणि कोणी राहण्या-जेवणावर राबवून घेतोय का ते नीट बघावं लागेल. पासपोर्ट आत्ता नको, अंदमानला लागत नाही. कान तपासून घे म्हटलं. त्याची डॉक्टरांकडची तारीख पुढच्या बुधवारी आहे, आणि तोवर तो रोज संध्याकाळी तलावात उताणा तरंगत दहा मिनिटं श्वास सोडायचा सराव करतोय.